हिरव्या दिव्याची भूल

गेल्या वर्षी चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आमच्या सोसायटीत एक नवीनच पाहुणी आली होती. गौर सजवून झाली होती, कैरीची डाळ वाटून झाली होती, पन्ह्याचे ग्लास फिरत होते. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी एका बाईंना घेऊन आल्या. नीटनेटकी साडी, गोड बोलणं, हातात एक चौकोनी बॅग. "या ताई आपल्याला पाच मिनिटं काहीतरी दाखवणार आहेत हं, सगळ्यांच्या फायद्याचं आहे," वहिनी म्हणाल्या.

पाच मिनिटांची चाळीस कधी झाली ते कळलंच नाही. बाईंनी बॅगेतून एक लाकडी बोर्ड काढला. त्यावर एक छोटी मोटर, एक अँपिअर दाखवणारं मीटर आणि दोन प्लग. मोटर सुरू केली, काटा वर गेला. मग त्यांनी साबणाच्या वडीएवढा एक पांढरा डबा शेजारच्या प्लगमध्ये खोचला. डब्यावर हिरवा दिवा लागला आणि आमच्या डोळ्यांदेखत काटा खाली आला. "बघा ताई, मोटर तेवढीच फिरतेय, पण करंट कमी झाला. तुमचं बिल तीस ते चाळीस टक्क्यांनी खाली येणार. लिहून देते!"

आता एप्रिल महिना, बाहेर ऊन मी म्हणतंय, प्रत्येकीच्या डोक्यात मे महिन्याच्या बिलाचा आकडा. एका डब्याचे पंधराशे, दोन घेतले तर अडीच हजार. अकरा जणींपैकी आठ जणींनी घेतले. त्यात मी पहिली. वाण म्हणून हरभरे आणि बचत म्हणून तो डबा घेऊन मी मोठ्या ऐटीत घरी आले.

इथवर ही नेहमीचीच फसवणुकीची गोष्ट आहे. पण ही गोष्ट मला लिहाविशी वाटली ती वेगळ्याच कारणाने.

दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींनी स्वयंपाकघरातला तो हिरवा दिवा पाहिला. "हे काय ओ ताई?" मी काल ऐकलेलं सगळं व्याख्यान त्यांना ऐकवलं. मावशी चार दिवस काही बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी म्हणाल्या, "ताई, मी बी घेऊ का? भिशी लागलीय या महिन्यात." आणि मी, काही वर्तमानपत्रात लिहिणारी, चार बुकं शिकलेली बाई, त्यांना म्हणाले, "घ्या की! मीच नाही का घेतला?"

मावशींनी पंधराशे रुपये दिले. त्यांच्या घरात एक पंखा, दोन दिवे, एक टीव्ही आणि एक जुना फ्रिज. पंधराशे म्हणजे त्यांच्या दोन-अडीच महिन्यांच्या बिलाचे पैसे.

जुलैत माझं बिल आलं. मेमध्ये २९० युनिट होते, आता १७१! मी ते बिल घरभर नाचवलं. त्याच आठवड्यात मावशी पदराला हात पुसत म्हणाल्या, "ताई, माझं बिल हाय तेवढंच आलंय. माझा डबा बिघडलाय का बघायला सांगाल का कुणाला?"

मैत्रिणींनो, त्यांना डब्याबद्दल शंका नव्हती. त्यांना फक्त एवढंच वाटत होतं की, आपल्याच नशिबाला बिघडलेला डबा आला. कारण ताईंचं बिल तर कमी झालं होतं ना!

माझा भाचा इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करतोय. तो सुट्टीत आला होता. मी दोन्ही डबे त्याच्यासमोर ठेवले. तो हसला नाही हे त्याचे उपकार. त्याने एकच विचारलं, "मावशी, मागच्या वर्षीच्या जुलैचं बिल आहे का?" ते शोधायचीही गरज पडली नाही. वीजबिलावर आधीच्या महिन्यांचा वापर छापलेलाच असतो, आपण तो कधी बघत नाही एवढंच. मागच्या जुलैत माझा वापर होता १६८ युनिट. म्हणजे डबा नसताना १६८ आणि डबा असताना १७१. बिल खाली आणलं होतं ते पावसाने! एसी बंद झाला, पंखे मंद झाले, माठाने फ्रिजचं ओझं हलकं केलं. श्रेय मात्र हिरवा दिवा घेऊन गेला.

हे डबे बहुतेक करून उन्हाळ्याच्या तोंडावर का विकले जातात, हे मला त्या दिवशी कळलं. मेच्या बिलाने घाबरलेलं गिऱ्हाईक मिळतं आणि जुलैचं बिल आपोआपच विक्रेत्याच्या बाजूने साक्ष देतं. ज्यांच्या घरी एसी नाही, ज्यांचा वापर बाराही महिने जवळजवळ सारखाच, त्या मावशींसारख्यांनाच खरं काय ते दिसतं. आणि त्यांना वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं.

डब्यात होतं तरी काय?

भाच्याने डबा प्लगमधून काढून, त्यातला साठलेला विद्युतभार नीट उतरवून मग उघडला. (हे तुम्ही घरी अजिबात करू नका. प्लगमधून काढल्यावरही अशा डब्याच्या पिनांना शॉक बसू शकतो.) आत एक काळा कपॅसिटर, दिवा लावण्यापुरते दोन-चार बारीक भाग आणि डबा जड लागावा म्हणून ओतलेला पुट्टीसारखा गोळा. बस्स. पंधराशे रुपयांचा गोळा!

मग हळदीकुंकवाच्या दिवशी काटा खाली आला तो कसा? नुसती हातचलाखी? नाही. इथेच खरी मेख आहे. काटा खरोखरच खाली आला होता. लबाडी काट्यात नव्हती, त्याच्या अर्थात होती.

भाच्याने मला ते समजावलं, ते मी माझ्या भाषेत सांगते. आपण गिरणीत दळण टाकतो. गिरणीवाला पैसे कशाचे घेतो? दळलेल्या धान्याचे. डबा घेऊन आपण एकदा गेलो की दोनदा हेलपाटा घातला, त्याचे पैसे तो घेत नाही. पंखा, मिक्सर, फ्रिज यांच्यात मोटर असते. मोटरला फिरण्यासाठी चुंबकीय क्षेत्र लागतं आणि त्यासाठी थोडी वीज तारेतून नुसती येते आणि परत जाते. ती काम करत नाही, फक्त हेलपाटे घालते. कपॅसिटर हे हेलपाटे जवळच्या जवळ थोपवतो. त्यामुळे तारेतला एकूण करंट कमी होतो आणि काटा खाली येतो. पण आपल्या घरचं मीटर हेलपाटे मोजतच नाही! ते मोजतं दळलेलं धान्य, म्हणजे प्रत्यक्ष खर्च झालेली वीज, किलोवॉट-तासात. त्यालाच आपण युनिट म्हणतो. मोटर तेवढीच फिरली तर युनिटही तेवढंच पडतं. त्यात डबा काहीही करू शकत नाही.

मग कारखान्यात मोठमोठे कपॅसिटर का बसवतात, असं तुम्ही विचाराल. विक्रेतेही हेच उदाहरण देतात. ते खरंच आहे. मोठ्या मोटरी चालवणाऱ्या कारखान्यांच्या बिलात हेलपाट्यांचाही हिशोब धरला जातो. महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकांना एप्रिल २०२० पासून तशाच पद्धतीने, म्हणजे केव्हीएएचमध्ये, बिल येतं. त्यांना कपॅसिटरचा फायदा होतो. पण त्यांचा कपॅसिटर मोटरींच्या हिशोबाने निवडलेला असतो आणि त्यांच्या बिलाचं गणितच वेगळं असतं. आपलं घरगुती बिल किलोवॉट-तासाचं. कारखान्याचं औषध घरच्या आजाराला लागू पडत नाही, इतकं हे साधं आहे. संपूर्ण खोटं लगेच ओळखू येतं. हे अर्धं खरं आहे, म्हणून तर शिकलेलीही फसतात.

आणि हा डबा म्हणे "मीटरजवळच्या प्लगमध्ये लावा, सगळ्या घराची वीज वाचेल." दिवे, टीव्ही, इस्त्री, गिझर यांच्यात तर थोपवायला मोटरच नाही. गिझर पाणी तापवायला जेवढी वीज घेतो तेवढी घेणारच. ती डब्याने कुठून वाचवायची?

दहा मिनिटांची परीक्षा

माझा तरी विश्वास कुठे बसत होता! पंधराशे रुपये दिलेल्या माणसाचा विश्वास लवकर उडत नाही. मग भाच्याने मला मीटरपाशी उभं केलं. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो, तुम्ही पाहिला असेल. त्याच्याजवळ एक आकडा लिहिलेला असतो. आमच्या मीटरवर ३२०० आहे. म्हणजे तो दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. तुमच्या मीटरवर आकडा वेगळा असू शकेल, पण पद्धत तीच.

घरातलं सगळं बंद केलं. फ्रिजसुद्धा. फक्त हॉलमधला जुना पंखा पाचवर सुरू ठेवला. असा पंखा साधारण ७५ वॉट घेतो. दहा मिनिटं मी लाल दिव्याच्या लुकलुकी मोजल्या, चाळीस भरल्या. मग डबा लावला, हिरवा दिवा लागला. पुन्हा दहा मिनिटं. किती? चाळीस! मी हट्टाने तिसऱ्यांदा मोजलं, तेव्हा एक्केचाळीस झाल्या. "ती तुझी मोजायची चूक धर किंवा डब्यातल्या हिरव्या दिव्याचं बिल धर," भाचा म्हणाला.

ही परीक्षा कुणालाही करता येते. तिला ना शिक्षण लागतं, ना पैसा. लागतं एक घड्याळ आणि दहा मिनिटांची चिकाटी. पुढच्या वेळी कुणी बोर्ड घेऊन आलं, तर एवढंच म्हणा, "तुमच्या बोर्डावर नको, आमच्या मीटरवर दाखवा." बघा, बॅग कशी पटकन बंद होते ते.

खुणा ओळखा

डब्याची नावं बदलतात, रंग बदलतात, भाव बदलतो. आता तर मोबाइलवर त्याच्या जाहिराती येतात. त्यात कुणा परदेशी उद्योगपतीचा फोटो असतो, "वीज कंपन्या हे तुम्हाला कळू देणार नाहीत" अशी कुजबुज असते आणि "आता फक्त सातच शिल्लक" अशी घाई असते. नवीन मीटर बसवण्याच्या चर्चेमुळे लोक आधीच धास्तावलेले आहेत, ती धास्तीही या मंडळींच्या पथ्यावर पडते. पण काही खुणा बदलत नाहीत.

पहिली खूण म्हणजे सरसकट टक्केवारी. ज्याने तुमच्या घरातली उपकरणं पाहिली नाहीत, तो तुमचं बिल चाळीस टक्क्यांनी कमी होईल असं सांगूच कसा शकतो? दुसरी खूण, काटा अँपिअरचा दाखवायचा आणि गोष्ट युनिटची सांगायची. तिसरी, "सरकारमान्य". आमच्या डब्यावरही कसलंसं शिक्क्यासारखं चित्र होतं. त्याबद्दल पक्कं लक्षात ठेवा. वीजबचतीचे तारे देणारी संस्था म्हणजे केंद्र सरकारची ऊर्जा दक्षता संस्था, बीईई. ती २००२ साली स्थापन झाली आणि तारांकनाची योजना २००६ पासून आली. एसी, फ्रिज, पंखे यांना हे तारे मिळतात. घराची सगळी वीज वाचवणाऱ्या, प्लगमध्ये खोचायच्या डब्याला असे तारे नाहीतच. त्यामुळे त्याच्यावर तारे दिसले तर समजून जा, ते आकाशातूनच तोडून आणलेले आहेत! आयएसआयच्या खुणेचंही तसंच. खऱ्या खुणेबरोबर परवाना क्रमांक असतो. तो 'बीआयएस केअर' या मोबाइल अ‍ॅपवर टाकला की कुणाचा, कशासाठीचा परवाना आहे ते दिसतं. वायरीचा परवाना डब्यावर चिकटवला असेल तर तेही कळतं.

चौथी खूण पावतीची. आमच्यापैकी एकीलाही पक्की पावती मिळाली नव्हती. मिळालं होतं ते एक रंगीत कार्ड, त्यावर "सहा महिन्यांत पैसे परत" आणि एक मोबाइल नंबर. तो नंबर जूनपर्यंत लागत होता.

पाचवी खूण जरा वेगळी, पण फार महत्त्वाची. कुणी हळूच कानात सांगेल, "ताई, हा डबा मीटरच हळू चालवतो." तर त्या माणसाला दारातूनच परत पाठवा. मीटरमध्ये फेरफार करणं म्हणजे वीजचोरी. वीज कायदा २००३ च्या कलम १३५ खाली त्याला तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. विकणारा पसार होतो आणि मीटर ज्याच्या नावावर तो अडकतो. म्हणजे डबा खोटा निघाला तर पैसे गेले आणि खरा निघाला तर अब्रू गेली!

आणि सुरक्षिततेचं काय? दिवसरात्र प्लगमध्ये राहणारी वस्तू, आत स्वस्तातला कपॅसिटर, फ्यूजचा पत्ता नाही, कुणी बनवली त्याचं नाव नाही. असा डबा तापतो, वितळतो. तो प्लग बहुतेक वेळा स्वयंपाकघरात किंवा मीटरच्या फळीजवळ असतो. काहीच वाचत नसेल तर ही जोखीम तरी कशासाठी घ्यायची?

आपल्याच दारात का येतात?

पण मला खरं बोलायचंय ते याच्याबद्दल. हा डबा विकायला कुणी पुरुषांच्या कट्ट्यावर जात नाही. तो हळदीकुंकवाला येतो, भिशीला येतो, बचत गटाच्या बैठकीला येतो. का? आपल्याला कळत नाही म्हणून? मला ते पटत नाही. रोज भाजीवाल्याशी दोन रुपयांवरून वाद घालणाऱ्या बायकांना हिशोब कळत नाही, असं कोण म्हणेल?

ते येतात, कारण घर काटकसरीने चालवण्याची जबाबदारी आपल्यावर टाकलेली आहे. बिल जास्त आलं की "दिवसभर घरात काय चालू असतं?" हा प्रश्न कुणाला विचारला जातो? एसी सोळावर कुणीही लावलेला असो, गिझर तासभर कुणीही चालू ठेवलेला असो, उत्तर द्यायचं ते बाईने. अशा वेळी कुणी म्हणालं, "ताई, कुणाला काही बोलायला नको, कुणाच्या सवयी बदलायला नको, हा डबा लावा आणि निश्चिंत व्हा," तर ते शब्द कानाला गोड लागणारच. तो डबा वीज वाचवत नाही, पण घरातले वाद वाचवण्याचं आश्वासन देतो. आपण पैसे मोजतो ते त्यासाठी.

आणि ओळखीतून येतात, कारण ओळखीत 'नाही' म्हणता येत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना प्रत्येक डब्यामागे काही रक्कम मिळणार होती, हे नंतर कळलं. त्यांचाही राग नाही मला. त्यांनाही कुणीतरी असंच आपलेपणाने गुंतवलेलं होतं. पण नात्याचा, सणाचा, गौरीसमोरच्या पाटाचा असा बाजार मांडला जातो, याचं वाईट वाटतं.

सगळ्यात मोठी खूणगाठ मात्र पुढची आहे. फसल्यावर आपण बोलत नाही. डबा उघडल्यावर पंधरा दिवस मी कुणाला काही सांगितलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही. "मी तेव्हाच म्हटलं होतं" हे वाक्य ऐकायची माझी तयारी नव्हती (आणि तो तेव्हा काहीच म्हणाला नव्हता, ही गोष्ट वेगळी!). शेवटी भिशीच्या दिवशी धीर करून विषय काढला. तर काय, एक-एक करत सगळ्या म्हणाल्या, "अगं, मला पण वाटतच होतं, पण तुझं बिल कमी आलं म्हणालीस, म्हणून गप्प बसले." आठ जणी, आठ घरं, आठ हिरवे दिवे आणि प्रत्येक जण दुसरीच्या भरवशावर गप्प. या गप्प बसण्यावरच त्यांचा धंदा चालतो. डबा बनवायला फार खर्च येत नाही. त्यांचं खरं भांडवल आहे ते आपली लाज.

याच महाराष्ट्रात १९७० च्या दशकात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर हजारो बायका लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरल्या होत्या. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ मध्ये सुरू झाली, तिच्या मालवाटपाच्या गटांमध्ये घरोघरच्या बायकांनीच हिशोब सांभाळले. एकीने फसण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून पारखून घ्यायचं, हा धडा आपल्या आया-आज्यांनी गिरवलेला आहे. आपण तो विसरलो की काय?

कायदाही आपल्या बाजूला आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार फसव्या जाहिरातीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दहा लाख रुपयांपर्यंत दंड करू शकतं. थेट विक्रीचे नियम २०२१ साली आले. त्यानुसार थेट विक्री करणाऱ्याने ओळखपत्राशिवाय आणि आधी विचारल्याशिवाय तुमच्या घरी येता कामा नये. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही. मुदत दोन वर्षांची. फक्त पावती हवी! म्हणून म्हणते, पावती मागायला लाजू नका. जो पावती द्यायला कां-कू करतो, त्याने स्वतःच उत्तर दिलेलं असतं.

मग वीज वाचते तरी कशाने?

वाचते, पण तिला हिरवा दिवा नसतो. जुना ६० वॉटचा बल्ब काढून ९ वॉटचा एलईडी लावला की ५१ वॉट वाचतात. असे चार बल्ब रोज पाच तास जळत असतील, तर महिन्याला तीस युनिटं. जुना ७५ वॉटचा पंखा बदलून तीसेक वॉटचा बीएलडीसी पंखा लावला आणि तो बारा तास फिरला, तर एका पंख्यामागे महिन्याला सोळा युनिटं. पंखा महाग आहे, म्हणून सर्वात जास्त फिरणारा आधी बदला. दोन हजार वॉटचा गिझर रोज अर्धा तास कमी चालला, की दिवसाचं एक युनिट वाचलं. एसी चोवीसवर ठेवा आणि जोडीला पंखा लावा. फ्रिज भिंतीला चिकटवून ठेवू नका, दाराचं रबर सैल झालं असेल तर बदला. टीव्ही रिमोटने बंद केला तरी सेट-टॉप बॉक्स जागाच असतो, रात्री भिंतीवरचं बटण बंद करा.

आणि हे काम एकट्या बाईचं नाही. बिल फ्रिजवर चिकटवा. सगळ्यांना दिसेल असं. युनिटचा दर वापराच्या टप्प्यानुसार वाढतो, शंभरच्या पुढे वेगळा, तीनशेच्या पुढे वेगळा. हे मुलांना एकदा समजावून सांगा. आमच्याकडे आता महिन्याच्या एक तारखेला लेक मीटरचं रीडिंग घेते आणि मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून बघते. मेची तुलना जुलैशी करायची नाही, हे पंधराशे रुपयांत शिकलेलं शहाणपण.

मावशींचे पंधराशे मी परत दिले. त्या घ्यायला तयार नव्हत्या. "तुम्ही कुठं फसवलं? तुमचं बी गेलंच की." मी म्हटलं, "मावशी, मी फसले ती माझ्या डोक्याने. तुम्ही फसलात ती माझ्या शब्दावर." बराच वेळ घोळ घातल्यावर त्यांनी घेतले. पण माझ्याकडून एक जास्तीचं मागून घेतलं, तो उघडलेला डबा.

"कशाला हवाय तो?"

"आमच्या गल्लीत परवा एक पोरगा आलता असला डबा घेऊन. पुन्हा आला की त्याच्यासमोर हा ठेवते. म्हणावं, आतलं आधी बघितलंय आम्ही."

यंदाच्या चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आम्ही एक नियम केला, गौरीसमोर विक्री नाही. पन्हं प्या, डाळ खा, हरभरे घ्या आणि घरी जा. आणि हो, ज्यांच्याकडे असे हिरवे दिवे अजून लुकलुकत असतील, त्यांनी आज रात्री ते काढून ठेवा. उद्या शेजारणीला सांगा. लाजू नका. पैसे गेले ते गेले, पण आपण बोललो तर पुढच्या घराचे वाचतील. खरी बचत म्हणतात ती हीच.